गळती निरंक

नऊ जानेवारी रोजी सकाळी सव्वादहा वाजता, वर्ध्याच्या पवनार रस्त्यावरील एका लेआऊटमध्ये, निवृत्त शाखा अभियंता बबनराव यांच्या राहत्या घराच्या पहिल्या मजल्यावर, बाथटबातले पाणी गळत असल्याची बाब त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई यांच्या निदर्शनास आली. निदर्शनास आली तेव्हा त्या टबातच बसल्या होत्या. छातीशी असलेलं पाणी कमरेशी आलं, कमरेचं मांड्यांवर आलं, आणि गुडघे उघडे पडल्यावर त्यांना थंडी वाजली. एवढा पुरावा कुठल्याही बाईला पुरतो.

"अवो," त्यांनी आतून हाक दिली, "टबातलं पानी खाली जाऊन राह्यलं. श्रावणले फोन लावजा."

श्रावण म्हणजे लेआऊटचा प्लंबर. त्याचा नंबर बबनरावांच्या मोबाईलमध्ये होता, मोबाईल हातात होता, आणि श्रावण दोन गल्ल्या सोडून राहत होता. तरीही हे काम मे महिन्यापर्यंत चाललं. त्यात दोष कोणाचाच नव्हता, आणि तेवढंच सांगण्यासाठी ही हकीकत लिहिली आहे.

टब चैनीचा नव्हता. मनकर्णाबाईंचे दोन्ही गुडघे झिजले होते. रोज अर्धा तास गरम पाण्यात बसा, असं हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून पुण्याच्या लेकीनं, रूपालीनं, दिवाळीत टब पाठवून बसवून घेतला. पहिल्या दिवशी त्यात बसल्यावर मनकर्णाबाईंना रडू आलं, कारण तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे गुडघे गप्प झाले होते. लेआऊटमधल्या बायका टब पाहायला आल्या आणि 'यात चार दिवसांचं पानी राहीन वो' असं म्हणून गेल्या. ज्या गावात नळ एक दिवसाआड येतो तिथं टबात माणूस भरायचा असतो हे सहसा कोणाला सुचत नाही. आता गुडघेदुखीचा टब अठरा पायऱ्या चढून वर का, असं कोणी विचारेल. बबनरावांनी जन्मभर पाण्याच्या वरच्या अंगाला बसायची सवय ठेवली होती. खालचा मजला त्यांनी भाड्यानं दिला होता.

बबनराव चौतीस वर्षं पाण्याशी संबंधित एका खात्यात होते. त्यांच्या हाताखाली नाल्यांवर एक्केचाळीस बंधारे झाले, आणि एक्केचाळीसही बंधाऱ्यांच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर एकच शेरा होता: 'गळती निरंक.' शेरा खोटा नव्हता. गळतीची चाचणी नेहमी मे महिन्यात होई. मे महिन्यात नाले कोरडेठाक असतात. भिंतीच्या अलीकडे पाणी नाही, पलीकडे पाणी नाही, मग मधून गळणार काय? एकदा एका नव्या अभियंत्यानं ही चाचणी पावसाळ्यात घ्यावी असं सुचवलं होतं. त्याला प्रशिक्षणाला पाठवलं. ते प्रशिक्षण अजून चालू आहे.

निवृत्तीच्या दिवशी बबनरावांना शाल मिळाली आणि पितळी पाटी मिळाली. 'चौतीस वर्षे, एकही गळती नाही.' ती पाटी हॉलमध्ये टीव्हीच्या वर होती. त्या पाटीच्या मागच्या भिंतीपलीकडेच तो टब होता. बायकोची हाक ऐकून बबनरावांनी पाटीकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाला भीती वाटली.

त्यांनी श्रावणऐवजी प्रभाकररावांना बोलावलं.

प्रभाकरराव समोरच्या घरात राहत. ते त्याच खात्यातले निवृत्त मुख्य लिपिक. निवृत्त झाल्यावरही रोज अकराला इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन ते बबनरावांकडे येत आणि साडेपाचला घरी जात. त्यांनी येतानाच नवी फाईल आणली.

"साहेब, तक्रार तोंडी आहे का लेखी?"

"तोंडी."

"मंग अजून झालीच नाई."

मनकर्णाबाईंनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहून दिलं: 'टब गळते. गुडघे दुखतात.' प्रभाकररावांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वहिनी, एका अर्जात दोन विषय घेता येत नाई. गुडघे आरोग्य विभागात येते. आपला विषय टब."

त्यांनी पट्टी लावून दुसरं वाक्य खोडलं आणि बाजूला आद्याक्षरी केली. अशा रीतीनं मनकर्णाबाईंचे गुडघे पहिल्याच दिवशी कागदावरून गेले.

प्राथमिक पाहणी झाली. संध्याकाळी टब भरून ठेवला, सकाळी पाहिला तर रिकामा. बबनराव टबाभोवती दोनदा फिरले आणि त्यांनी निष्कर्ष सांगितला, प्रभाकररावांनी लिहून घेतला: 'जलसाठ्यात रातोरात शंभर टक्के घट. कारण: बाष्पीभवन.'

"बाष्पीभवन?" मनकर्णाबाईंनी अंगावरची शाल घट्ट ओढली. "मायं लुगडं दोन दिवस वाळत नाई या थंडीत, अन् टबभर पानी उडून गेलं?"

"लाभार्थीचे म्हणणे ऐकून घेतले," प्रभाकररावांनी लिहिलं.

बाष्पीभवन झालेलं पाणी वर जायला हवं होतं. ते खाली गेलं. चौथ्या दिवशी खालचे भाडेकरू नागसेन वर आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, स्वभावानं मऊ, आणि घरमालकाशी बोलताना शाळा तपासणीला साहेब आल्यासारखे उभे राहत.

"काकाजी, आमच्या सैपाकघरात छतातून पानी टपकून राह्यलं. पौर्णिमानं खाली बादली ठेवली."

बबनरावांच्या कपाळावर घाम आला. आता कबूल करण्याखेरीज मार्ग दिसेना. पण चौतीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नसतो.

"त्या बादलीतल्या पान्याचं काय करता सर तुमी?"

"काई नाई जी. अंगनात मेथी लावली पौर्णिमानं, थिले टाकते."

बबनराव खुर्चीतून उठले. वरच्या अंगाला पाणी साठवलं, ते उताराने खाली गेलं, आणि शेवटी पिकाला मिळालं. याला गळती म्हणणारा माणूस अडाणी. हे सिंचन झालं. फाईलमधला 'गळती' हा शब्द खोडून 'विसर्ग' लिहिला गेला, आणि नागसेन सरांचं स्वयंपाकघर अंगणासह लाभक्षेत्र म्हणून घोषित झालं. लाभक्षेत्र आलं की पाणी वापर संस्था आली, संस्था आली की अध्यक्ष आला. नागसेन सरांनी आजवर शाळा सांभाळून माणसं मोजली होती, जनावरं मोजली होती, कोणाकडे संडास आहे आणि कोण तरी बाहेर जातो तेही मोजलं होतं. आणखी एक जबाबदारी आली म्हणून ते दचकले नाहीत.

"सही कुठं करू?" एवढंच त्यांनी विचारलं.

फेब्रुवारीत सरांच्या बायकोची, पौर्णिमाची, मेथी अशी तरारली की लेआऊटमध्ये वाटून उरली. तिनं एक जुडी वर आणून दिली. मनकर्णाबाईंनी ती निवडली, परतली, भाकरीबरोबर खाल्ली. आपल्या गुडघ्यांच्या वाट्याचं पाणी ताटात आलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. भाजीला चव होती, हे त्यांनी मान्य केलं.

मग एके दिवशी त्यांनी गॅलरीत उभं राहून, रस्त्यानं जाणाऱ्या श्रावणला सरळ हाकच मारली. श्रावण वर आला, टबाच्या बाजूची फळी काढली, आत टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत उभा राहिला.

"काई नाई काकू. पानी जायचं तोंड असते ना, थे कपलिंग चिरलं. बसवनाऱ्यानं लय आवळलं. वाशर बी गेलं. जुनं काढतो, जागा साफ करतो, नव्याखाली पुट्टीची वात देतो, आवळतो, कडेनं सिलिकॉन. अर्ध्या घंट्याचं काम. फक्त मंग एक दिवस पानी लावाचं नाई."

त्याच्या पिशवीत नवं कपलिंग होतंच. तो पान्याला हात घालणार तोच बबनराव दारात आले.

"थांब. नवं टाकाचं म्हनजे जुनं खराब होतं असं होते."

"खराबच आहे ना जी."

"असं लेखी देशीन?"

"काकाजी, मी प्लंबर आहो. मी पाना चालवतो."

"आणि मंजुरी? तांत्रिक मंजुरी कोन देईन?"

श्रावणनं मनकर्णाबाईंकडे पाहिलं, मनकर्णाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. जाता जाता त्यानं कपलिंग त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुमच्यापाशी असू द्या काकू. पुट्टी मी आनतो, केव्हा बी बोलवा." त्यांनी ते तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवलं. त्या घरात फाईल जाणार नाही अशी तेवढीच एक जागा होती.

मंजुरीचा प्रस्ताव बबनरावांनी बबनरावांकडे सादर केला. त्यांनी त्यावर दोनदा त्रुटी काढल्या, स्वतःचाच खुलासा मागवला, तो असमाधानकारक ठरवला. यात मार्च उजाडला. एकतीस तारखेला सकाळी प्रभाकरराव नेहमीपेक्षा अर्धा तास आधी धापा टाकत आले.

"साहेब, मार्च एंड."

"आपल्या घरात कसला मार्च एंड?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आज काम नाई दाखवलं तं थे लॅप्स होते वहिनी."

"काय लॅप्स होते?"

हा प्रश्न प्रभाकररावांना चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. त्यांनी बबनरावांकडे पाहिलं, बबनरावांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि दोघेही कामाला लागले. श्रावणला बोलावणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक प्लंबर कुठल्या ना कुठल्या सरकारी इमारतीत होता. तेव्हा दुपारी चार वाजता बबनरावांनी सिलिकॉनची नळी फोडली आणि चिरलेल्या कपलिंगवर, त्यावरच्या साबणाच्या थरावर, अडकलेल्या केसांवर, जसं होतं तसं, केकवर क्रीम फासावं तसं ते फासलं. फाईलला नोंद झाली: 'जुने कपलिंग काढून नवे बसविले व सांधा बंद केला.' प्रभाकररावांनी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत सगळं पांढरं दिसत होतं.

मग गळतीची चाचणी झाली. त्या दिवशी नळ आला नव्हता आणि गच्चीवरची टाकी तळाला गेली होती, त्यामुळे टब कोरडा होता. दोघे टबाशेजारी स्टूल टाकून बसले आणि घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्याकडे पाहत राहिले. एक थेंबही गळला नाही.

"गळती निरंक," बबनराव म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. न्हाणीघरात तेवढाच काय तो ओलावा होता.

दाखला चौकटीत बसवून पितळी पाटीच्या शेजारी लागला. न्हाणीघराच्या दारावर फलक आला: 'कामाचे नाव: बाथटबचे निचरा तोंड बदलणे व सांधा बंद करणे. लाभार्थी: सौ. मनकर्णाबाई.' नारळ फुटला. एक एप्रिलला सकाळी लाभार्थी खांद्यावर टॉवेल टाकून, भिंतीला धरत धरत फलकाखाली आल्या, तर बबनराव दार अडवून उभे.

"आता बसू ना?"

"पानी भराचं नाई."

"काऊन?"

बबनरावांनी आवाज खाली आणला. "समजून घे. पानी भरलं अन् समजा काई झालं, तं दाखल्याचं काय होईन?"

त्याच दिवशी फलकाखाली दुसरा कागद चिकटला: 'या टबात पाणी भरण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.'

"मंग टब कायले आहे?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"थो गळत नाई, यासाठी."

मनकर्णाबाईंनी खांद्यावरचा टॉवेल काढून परत दोरीवर टाकला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना वाईट वाटलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांना कधी उलट शब्द बोलला नव्हता, आजारपणात उशाशी बसला होता, आणि आता तो त्यांच्या गुडघ्यांपेक्षा एका कागदाला जपत होता आणि आपण काही चुकीचं करतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. एप्रिलभर त्या तेल चोळत बसल्या. मांडी घालणं बंद झालं, मग उकिडवं बसणं बंद झालं, मग जिना. तीन आठवडे त्या खाली उतरल्या नाहीत. पौर्णिमाच्या लेकीच्या वाढदिवसाची खीर त्यांनी वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेल्या पिशवीतून घेतली.

मेच्या पहिल्या आठवड्यात आष्टीला निवृत्त अभियंत्यांचा मेळावा होता. बबनरावांना भाषण होतं: 'गळतीमुक्त बांधकाम, माझे अनुभव.' ते प्रभाकररावांना घेऊन दोन दिवसांसाठी गेले. त्यांची बस सुटली असेल असा अंदाज घेऊन मनकर्णाबाईंनी डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

श्रावण अर्ध्या तासात आला. त्यानं बोटाच्या नखानं सिलिकॉनची कड उचलली तर सगळा थर दुधावरच्या सायीसारखा एका तुकड्यात निघाला. "हे कोनं केलं जी?" त्यानं विचारलं. मनकर्णाबाईंनी दारावरच्या फलकाकडे बोट दाखवलं. त्यानं फलक वाचला आणि पिशवीतून पाना काढला. जुनं कपलिंग पान्यानं फिरवून काढलं, घाण खरवडली, कोरड्या फडक्यानं जागा पुसली. मग तो पुट्टी वळायला बसला.

"दे इकडं," मनकर्णाबाई स्टुलावरून म्हणाल्या. "तुह्या हातानं जाड-बारीक होऊन राह्यली."

चाळीस वर्षं रोज देवापुढच्या वाती वळणाऱ्या हातांनी ती पुट्टी घेतली. दोन तळव्यांत लांबसडक, एकसारखी वात झाली, कुठं गाठ नाही की फुगवटा नाही. ती त्यांनी कपलिंगच्या कडेखाली गोल फिरवून टोकाला टोक मिळवलं. श्रावणनं ते जागेवर दाबलं, फळीतून हात घालून खालून नवा वाशर लावून आवळलं, बाहेर आलेली जादा पुट्टी बोटानं काढली, कडेनं सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. चहा धरून पाऊण तास लागला.

"उद्या संध्याकाळपर्यंत पानी नाई काकू."

"चार महिने थांबली. उद्यापर्यंत थांबतो."

दुसऱ्या दिवशी नळ आला, टाकी भरली. मे महिन्यात आमच्याकडे पाणी तापवावं लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतून ते तापूनच येतं. संध्याकाळी मनकर्णाबाईंनी मनाईचा कागद काढला, त्याची चौघडी करून टबाचा पाय हलत होता त्याखाली सारली, आणि गाऊन घालून त्या पाण्यात उतरल्या. पाणी छातीशी आलं आणि छातीशीच राहिलं. हळूहळू गुडघे सैल झाले. त्यांनी डोळे मिटले आणि त्या मोठ्यानं हसल्या, एकट्याच.

साडेसातला बबनराव हातात नारळ आणि अंगावर नवी शाल घेऊन वर आले. मागे बॅग घेऊन प्रभाकरराव. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं. बबनराव आत डोकावले आणि तिथंच उभे राहिले.

"किती येळ झाला?"

"सव्वा घंटा."

ते अठरा पायऱ्या उतरून खाली गेले. पौर्णिमाच्या स्वयंपाकघरातली बादली पाहिली. बादली कोरडी होती, छत कोरडं होतं. ते परत वर आले, वाकून टबाच्या फळीमागे हात घालून पाहिला, हातही कोरडा. चौतीस वर्षं आणि एक्केचाळीस बंधाऱ्यांनंतर, काठोकाठ भरलेली आणि न गळणारी वस्तू बबनराव पहिल्यांदा पाहत होते. एक क्षण त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या क्षणी त्यांना फाईल आठवली.

"प्रभाकरराव," ते बाहेर येऊन म्हणाले, "आपन तं मार्चमदेच बदललं ना? मंग हे काय बदललं?"

प्रभाकररावांनी बॅग खाली ठेवली. असल्या अडचणीत त्यांचा चेहरा उजळत असे.

"साहेब, घाबराचं काम नाई. आजचं काम म्हनजेच एकतीस मार्चचं काम. फक्त पंचनामा लागन. एकतीस मार्चले टब काठोकाठ भरला होता अन् थेंबभर गळती नव्हती, हे पंचांनी समक्ष पाह्यलं. दोन पंच."

पहिल्या पंचाची सही त्यांनी स्वतःच केली. श्रावणला फोन लावला. तो म्हणाला, "एकतीस मार्चले मी दुसऱ्याच ठिकानी जुन्या तोट्यांले नवा रंग मारून राह्यलतो. तिथल्याच सह्या पुरे झाल्या जी." नागसेन सर वर आले, त्यांनी कागद शांतपणे वाचला. "काकाजी, मी पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. पंच झालो तं हितसंबंध येते," ते म्हणाले, आणि जाताना अदबीनं विचारलं, "पौर्णिमा विचारून राह्यली, विसर्ग पुन्हा केव्हा सुटन?" शेवटी बबनराव दाराच्या फटीशी गेले.

"अगं, एक सही..."

"माये हात ओले आहे," आतून उत्तर आलं. "दार ओढून घेजा, पंख्याची हवा येऊन राह्यली."

बबनरावांनी दार ओढलं. पंचनामा टेबलावर होता. त्यावर 'पंच क्रमांक दोन' अशी अक्षरं होती आणि पुढे टिंबटिंबांची रेघ होती. त्यांनी खोलीभर पाहिलं, प्रभाकररावांनीही पाहिलं, आणि मग दोघांची नजर तुमच्यावर येऊन थांबली.

तुम्ही नऊ जानेवारीपासून इथंच तर बसला आहात. बाष्पीभवनाला तुम्ही हसलात. मेथीचं तुम्हाला कौतुक वाटलं. पहिल्याच दिवशी पट्टी लावून गुडघे खोडले, तेव्हा तुम्हीही पान उलटून पुढं गेलात. तुमच्याइतका अनुभवी पंच वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

संकोच करू नका. मागच्या महिन्यात सभेच्या हजेरीपुस्तकावर केलीत, तशीच ही सही. त्या सभेला तरी कुठं गेला होतात? वाचायची गरज नाही, प्रभाकररावांनी खुणेची फुली मारून ठेवली आहे आणि पेनाचं टोपणही काढलं आहे. तारीख तेवढी एकतीस मार्चची टाका.